पालथा ग्लास

माझ्या तोंडाला कडू नवीन नाही. खाडीकाठच्या माणसाला हिवताप चुकत नाही, आणि हिवताप आला की आमची आई काडेचिराईत उकळून नाक दाबून वाटीभर पाजायची. कडुलिंबाचा पाला, कारल्याचा रस, सगळं या पोटात जिरलंय. पिण्याचं म्हणाल तर ताडी झाली, गावठी झाली, वाशीला बार निघाल्यावर तिथली बर्फात घातलेली बियरसुद्धा झाली. तरीही त्या रविवारी कान्हाने आणलेल्या बाटलीतला पहिला घोट घेतला आणि मी, शिरवण्याचा शिवराम, माझ्याच ओटीवर बसून असा गोंधळलो की पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं.

नीट सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्या बायकोसारखं म्हणाल की मुद्दाम केलं.

आमच्या घराण्यात मागणीची एक रीत आहे. मुलाकडची माणसं येताना दारूची बाटली आणतात. ती मुलीच्या दारातच फोडायची, आधी कोणी तोंड लावायचं नाही. मुलाच्या बापाने ग्लास भरून मुलीच्या बापाच्या हातात द्यायचा. स्थळ पसंत असेल तर मुलीच्या बापाने तो बसल्या जागी रिकामा करायचा आणि ताटलीतल्या तांदळावर पालथा घालायचा. मग मुलाच्या बापाने तो आपल्या हाताने सुलटा करायचा, त्याच बाटलीतून त्यात ओतून घ्यायची आणि प्यायची. झालं, लग्न पक्कं. पसंत नसेल तर भरला ग्लास खाली ठेवायचा. बस. ठेवलेला ग्लास परत उचलायचा नाही, त्यावर कोणी बोलायचं नाही, कारण विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. पाहुण्यांनी आपली बाटली घेऊन घरचा रस्ता धरायचा. तोंडाने नाही म्हटलं की ते पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोक्यात राहतं, असं आमचे बाबा म्हणायचे. मला ही रीत भारी आवडायची. कमी बोलण्यात काम. भाऊबंदांत कोणी कुरकुर केली की सगळ्यात मोठ्याने मीच ओरडायचो, "ठेवला म्हंजे ठेवला! आता काय बोलायचा नाय!"

आता माझी मुलगी पुतळा. दहावी झाली आणि बेलापूर रोडच्या पट्ट्यातल्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. शेतं नव्या शहरासाठी सिडकोत गेल्यावर गावातल्या पोरींना नोकरीची हवा लागली होती, मीही नाही म्हटलं नाही. त्याच पट्ट्यात एक बियरचा कारखाना होता आणि त्यात करावे गावचा कान्हा कामाला होता. दोघांचा बसस्टॉप एक. पुढचं सांगायला नको. पुतळाने आईला सांगितलं, आईने तिच्या भावाला, म्हणजे माझ्या मेव्हण्याला, सितारामला सांगितलं, आणि सितारामने मला असं सांगितलं की जणू हे स्थळ त्यालाच स्वप्नात दिसलं होतं. मी काय दूधपिता आहे? सगळं कळत होतं. कळत नव्हता तो फक्त पोरगा.

पहिल्यांदा बघायला आला तेव्हा गोजराने, माझ्या बायकोने, पाण्याचा तांब्या दिला. पठ्ठ्याने पेल्यात पाणी ओतलं आणि आधी त्याचा वास घेतला. माझ्या घरातल्या पाण्याचा वास! मी रागाने सितारामकडे बघितलं. सिताराम घाईघाईने म्हणाला, "भावजी, त्याची ड्यूटीच ती हाय. आख्खा दिवस वास घ्यायचा, चाखायचा." मी विचारलं, "पितोस किती?" तर म्हणाला, "चाखतो. पीत नाय." आता दारू बनवणारा आणि न पिणारा माणूस, याचं काय करायचं? पिणारा असता तर शिव्या घालता आल्या असत्या. धड शहाणा म्हणावा तर वासबीस घेतो, धड वेडा म्हणावा तर नोकरी पक्की. पण त्या आठवड्यात पुतळा माझ्या शिव्या खाऊनही हसत होती. पोर इतकी हसलेली मी तिच्या लहानपणानंतर बघितली नव्हती. म्हणून मनात ठरवलं, समजो न समजो, ग्लास पालथा घालायचा.

तर चौऱ्याऐंशी सालचा मार्च. सकाळी कान्हा आणि त्याचा बाप धर्मराज सितारामबरोबर आले. धर्मराज माझ्या जुन्या ओळखीचा, तरुणपणी आम्ही एकाच मिठागरावर राबलेलो. कडक माणूस. शब्द दिला की दिला, फिरला की फिरला. गोजराने ताटलीत तांदूळ पसरून ग्लास ठेवला आणि दाराआड जाऊन उभी राहिली. पुतळा तिच्याही मागे असणार, बांगड्या दोन जणींच्या वाजत होत्या.

धर्मराजने पिशवीतून बाटली काढली. तपकिरी काच, वर कागद नाही, नाव नाही. मी म्हटलं, "ही कुठची?"

आणि तेव्हा तो मुका पोरगा बोलायला लागला. "काका, ही दुकानात मिलत नाय. आमच्याकडं नवीन मशीन बसवायला इंग्लंडचा साहेब आयलेला. जायच्या आधी त्यानं लहान टाकीत त्याच्या गावची बियर बनवली, आनि मना हाताखाली घेतला. हॉप्स नावाची फुलं असतात, हिरवी, वेलीवरची. त्याच्यानं कडूपना येतो. आपन रोज टाकतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त टाकली. कडक पन हाय. साहेब सांगत व्हता, जुन्या काली तिकडनं मुंबईला बोटीनं यायची, वाटंत नासू नये म्हनून अशी कडू करायचे. शेवटची फुलं मी टाकली, माज्या हातानं."

मुंबईला येत असेल, शिरवण्याला काही आली नव्हती. पण मी ते बोललो नाही. धर्मराजने झाकण उडवलं, ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

रंग गुळाच्या पाण्यासारखा, वर जाड फेस. बर्फ नाही. मी ग्लास तोंडाजवळ नेला आणि नकळत मीही आधी वास घेतला. संत्र्याची साल. मग ओलं, नुकतं कापलेलं गवत. मग कैरीचा देठ मोडल्यावर चीक उडतो, तो वास. मला वाटलं, वा, सरबत आहे. जावई सरबत बनवतो. मी आपला ताडीच्या हिशोबाने मोठा घोट घेतला.

पहिलं गोड लागलं, अगदी क्षणभर. आणि मग कडू. जिभेच्या कडांवरून मागे गेलं, घशात उतरलं, कान गरम झाले. काडेचिराईत निदान प्रामाणिक असतं, पाण्याने चूळ भरली की जातं. हे गेल्यासारखं करून परत आलं, आणि परत येताना संत्र्याची साल घेऊन आलं. नाक म्हणतं घे, जीभ म्हणते थुंक. माझं तोंड वाकडं झालं असणार, मला कुठे दिसत होतं?

डोक्यात विचारांचा नुसता बाजार भरला. हे औषध तर नव्हे? पोरगी औषधाच्या कंपनीत, पोरगा बियरच्या, बाटल्या बदलल्या तर नाहीत? की नासलं? की कारखान्यातलं केमिकल चुकून भरलं? की माझी मस्करी चालली आहे, म्हाताऱ्याला कडू पाजा आणि मजा बघा? आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक, ज्याने मला सगळ्यात जास्त गोंधळवलं. हात ग्लास परत वर न्यायला बघत होता. जे आवडलं नाही ते परत प्यावंसं का वाटावं? मला हे विचारायचं होतं. कान्हालाच विचारायचं होतं, की बाबा, हे असंच असतं का? आणि विचारायला माणूस हात मोकळा करतो. मी ग्लास खाली ठेवला.

लादीवर टक्‌ आवाज झाला.

दाराआडच्या बांगड्या थांबल्या. धर्मराजने ग्लासकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय केलं ते मला त्याच्या तोंडावरून कळलं.

"अरं, ह्ये काय..." मी सुरुवात केली.

धर्मराजने हात वर केला. "नाय शिवराम. कारन सांगायचा नाय. रीत तुमचीच हाय."

"पन ऐक तरी..."

"ठेवला म्हंजे ठेवला," तो म्हणाला. माझंच वाक्य, माझ्याच ओटीवर.

त्याने बाटलीच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबला आणि बाटली पिशवीत टाकली. कान्हा अजून ग्लासाकडेच बघत होता. माझ्याकडे नाही, ग्लासाकडे. "काका, अजून एक घोट..." एवढं म्हणाला तोवर बापाने त्याचा दंड धरला. दोघे पायऱ्या उतरून गेले. मी उठून मागे जायला हवं होतं, पण मागे जाऊन काय बोलणार? बोलायचं नाही हे मीच चार गावांत शिकवलेलं.

सिताराम तेवढा उरला. "भावजी, तुमच्या मनात नव्हता त मना आधी सांगायचा. त्यांना इथपर्यंत कशाला आनवलात?"

"माज्या मनात व्हता!"

"मग ठेवलात कशाला?"

"इचार करायला."

सितारामने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या भाचीच्या जन्माचं वाटोळं केलंय, आणि तोही निघून गेला. मग गोजरा बाहेर आली. तिने आवाज चढवला नाही, तेच वाईट. "ग्लास खाली ठेवून कोन इचार करतो? आनि नकोच व्हता त गुपचूप ठेवायचास. चार मानसांत तोंड वाकडा करून त्या पोराची लाज कशाला काढलीस?"

"मी नको बोललोच नाय!"

"मग काय बोललास?"

मी काय बोललो होतो? मी काही बोललोच नव्हतो. नुसता एक ग्लास ठेवला होता.

गोजरा चुलीकडे गेली. पाहुण्यांसाठी केलेलं कोळंबीचं कालवण नुसतंच रटरटत होतं. मी ओटीवर ग्लासासमोर बसलो. फेस बसला होता. एक माशी काठावर बसून उडून गेली, तिलाही काही समजलं नसावं.

पुतळा केव्हा येऊन खांबाला टेकली कळलं नाही. रडली नव्हती. लाल लुगडं नेसलेली, मागणीसाठी काढलेलं.

"बाबा, तुला आवडला नाय?"

"काय, दारू का पोरगा?"

"दोनी."

मी खरं तेच सांगितलं. "मना नाय समजला, बाय. दोनी नाय समजलं."

तिने खाली ठेवलेल्या ग्लासाकडे बघितलं. मग म्हणाली, "मग ठेवलास कशाला? समजत नाय तवर हातात धरून बसता येत नाय का?"

एवढं बोलून ती वळली आणि मागच्या दारी वाळत घातलेले कपडे काढायला गेली. कपडे ओले होते. मला ते इथून दिसत होतं. मी आयुष्यात हातातल्या बऱ्याच गोष्टी न समजता ठेवून दिल्या होत्या, पण त्या माझ्या होत्या. हा ग्लास तिचा होता.

मी ग्लास उचलला.

गोजरा आतून धावत आली. "ठेवलेला उचलतोस?"

"गप."

दुसरा घोट पहिल्यापेक्षा वाईट लागला. तिसरा तेवढाच कडू, पण आता तो कुठून कुठे जाणार ते मला माहीत झालं होतं. आधी संत्रं, मग गवत, मग ती घशातली चढण, मग परत संत्रं. मी घाई केली नाही. ग्लास हातातच धरला, एकदाही टेकवला नाही. मध्ये गोजरा तांदळाची ताटली उचलायला आली, तिला मी हातानेच थांबवलं. अर्ध्यावर आल्यावर मला जाणवलं की मी वाट बघतोय, गिळल्यानंतर जे परत येतं त्याची. आवडलं म्हणू का? छातीवर हात ठेवून आजही सांगता येणार नाही. पण तळ दिसला तेव्हा ते माझ्या ओळखीचं झालं होतं. ओळखीचं म्हणजे आवडतं असं नाही. माझा सख्खा भाऊ ओळखीचा आहे.

मी ग्लास तांदळावर पालथा घातला. आणि आता? बघायला कोण होतं? पालथा ग्लास सुलटा करायचा हक्क मुलाच्या बापाचा, आणि मुलाचा बाप करावे गावात. मी चपला घातल्या, ताटली दोन्ही हातांत धरली आणि पायऱ्या उतरलो.

"कुठं चाललास उन्हाचा?" गोजरा ओरडली.

"करावेला!"

मागच्या दारी पुतळा ओलं लुगडं हातात घेऊन उभी राहिलेली दिसली. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर ग्लास हलला असता.

गावाबाहेर पडलो तोवर ती इंग्लंडची बियर डोक्यात पोचली होती. कडक आहे असं पोरगा म्हणाला होता ते खोटं नव्हतं. शिरवण्याहून करावेला मी हजारदा गेलोय, आमच्या खाचराच्या बांधावरून, चिंचेखालून डावीकडे, मग खाडीचं पाणी अडवणाऱ्या उघडीच्या बाजूने सरळ. आता बांध नव्हता. खाचरात डांबरी रस्ता होता, रस्त्याला दुसरा रस्ता फुटत होता, कडेला पाट्या, पाट्यांवर सेक्टरचे आकडे. चिंच कुठे होती ते आठवून डावीकडे वळलो तर एका अर्धवट बिल्डिंगीसमोर आलो. तिथून दुसरा रस्ता धरला, फिरून फिरून परत त्याच बिल्डिंगीसमोर. माझ्याच शेतात मी चुकलो. ताटलीतले तांदूळ हलत होते, ग्लास किणकिणत होता, आणि मला लाजही वाटली आणि हसूही आलं.

बिल्डिंगीचा वॉचमन उठून जवळ आला. परमुलखातला, बिहारकडचा माणूस. त्याने ताटली बघितली, तांदूळ बघितले, पालथा ग्लास बघितला, आणि चप्पल काढून ग्लासाला हात जोडले. "चाचा, कौन से देव का है?"

आता याला काय सांगू? "लडकी का है," मी म्हणालो. "करावे किधर से जाने का?"

त्याने रस्ता दाखवला. माझ्या शेतातून बाहेर पडायचा रस्ता मला बिहारच्या माणसाने दाखवला, आणि बरोबर दाखवला.

धर्मराज ओटीवर बसला होता, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. पिशवी अजून तशीच कोपऱ्यात. मला बघून उठला नाही. मी ताटली त्याच्यासमोर टेकवली. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चपलेत खडे, पण ग्लास पालथाच होता.

त्याने बराच वेळ बघितलं. "ठेवलेला उचललास?"

"उचलला."

"रीत?"

"मोडली. माजी व्हती, मी मोडली."

"आवडली का मग?"

खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर तिथेच काम झालं असतं. "नाय समजली," मी म्हणालो. "मगाशी पन नाय समजलेली, म्हनून तुज्या पोराला इचारायला ठेवली. नको म्हनून नाय ठेवली. आता पुरी प्यालो तरी नाय समजली. तुजा पोरगा पन मना समजत नाय, धर्मा. पानी हुंगतो. पन माज्या पोरीला तो पायजे, आनि मना माजी पोर हसताना पायजे."

आतून कान्हा दारात आला होता. धर्मराजने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने हात पुढे केला, जरा थांबला, आणि ग्लास सुलटा केला. काठाला तांदळाचे दाणे चिकटले होते, ते त्याने अंगठ्याने पुसले. कान्हाने पिशवीतून बाटली काढून बापाच्या हातात दिली. बियर आता कोमट झाली होती, ओतली तर फेसही आला नाही.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की धर्मराजने ती अजून चाखलीच नव्हती. बाटली मुलीच्या दारातच फोडायची, मुलीच्या बापाआधी कोणी तोंड लावायचं नाही. रीतीने चालणारा माणूस तो, त्याने नुसता वासही घेतला नसणार. मी काहीतरी बोलणार होतो, पण तोवर त्याने ताडीच्या हिशोबाने मोठा घोट घेतला होता.

त्याचं तोंड बघितलं आणि सकाळी माझं कसं झालं असेल ते मला कळलं. भुवया चढल्या, गाल आत गेले, खांदे कानाला लागले. डोळ्यांतून पाणी आलं. त्याने कान्हाकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं, विचारायला तोंड उघडलं, आणि त्याचा ग्लासाचा हात आपोआप खाली जायला लागला. दारात कान्हाने चौकट धरली.

मी पुढे वाकून लादी आणि ग्लास यांच्या मधे माझा तळहात घातला. ग्लासाचं बूड माझ्या हातावर टेकलं.

"शिवराम," धर्मराज घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ह्यो काय हाय रं?"

"मना काय म्हाईत," मी म्हणालो. "पन खाली नको ठेवू. घरी पोर थांबलीय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग ग्लास माझ्या तळहातावरून उचलला, दोन्ही हातांनी धरला, डोळे घट्ट मिटले आणि दुसरा घोट घेतला.